आपले घर, त्यांचे कामाचे ठिकाण

अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांजवळ बारा तास थांबणाऱ्या मदतनीस ताईंसाठी आपले घर हेच कामाचे ठिकाण असते, याचा आपल्याला सहज विसर पडतो. वेगळा ठेवलेला कप, पाहुण्यांसमोर काढलेली चूक, घरातील तिघांच्या तीन परस्परविरोधी सूचना. एवढ्यानेही माणसाचे मन कामावरून उडते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणात, कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ निवारण न झालेल्या ताणाची तीन लक्षणे दिली आहेत: गळून जाणे, कामाविषयी दुरावा वाटणे आणि कार्यक्षमता घटणे. हा दुरावा शेवटी रुग्णाला सोसावा लागतो. कूस बदलण्याची वेळ टळते, माकडहाडावरची लाली नजरेतून सुटते आणि शय्याव्रणाला वाट मिळते.

म्हणून सूचना घरातील एकाच व्यक्तीने द्याव्यात. चूक एकांतात, शांतपणे सांगावी. जेवणाची वेळ, विश्रांती आणि साप्ताहिक सुट्टी आधीच ठरवावी. आपण स्वतः अंथरुणावर असाल, तर त्यांना नावाने हाक मारा. आज कूस वेळेवर बदलली गेली असेल, तर आजच तसे बोलून दाखवा.