शून्य की एक? घाई नको

फोनवर खरखर असली की आपण नाव सांगताना म्हणतो, "भ भटजीतला, ब बदकातला नव्हे." एका अक्षरापायी अख्खा शब्द खर्ची घालतो. तो शब्द नवं काहीच सांगत नाही, नुसती राखण करतो. मोबाइलचे संदेशही असेच राखणदार बिट सोबत घेऊन निघतात. थक्क व्हावं ते मात्र पलीकडच्या टोकाला, ते उलगडताना.

अमेरिकेतल्या एमआयटीत रॉबर्ट गॅलगर या विद्यार्थ्याने १९६० साली प्रबंधात अशा राखणदार बिटांचा एक कोड मांडला. त्याचं छोटं उदाहरण २० बिटांचं आहे. त्यांवर १५ तपासण्या. प्रत्येक तपासणीत ४ बिट, त्यांत १ किती वेळा येतो ती संख्या सम हवी. आणि प्रत्येक बिट ३ तपासण्यांत अडकलेला.

अँटेनाला स्वच्छ ० किंवा १ मिळतच नाही. भिंतींवर आपटून, गोंगाटात भिजून येतो तो नुसता अंदाज: बहुधा १, पण खात्री नाही. संदेश उलगडणारा उतावळा डीकोडर तिथेच निकाल देऊन टाकतो आणि फसतो. गॅलगरचा डीकोडर शंका जपून ठेवतो. तपासणीतले तिघे चौथ्याला जणू सांगतात, "आमच्या हिशेबाने तू ० आहेस, पण आमच्यातल्या एकाचंच काही खरं नाही, तेव्हा जरा बेतानेच घे." बिट तिन्हीकडचं ऐकतो, मत बदलतो, पुन्हा कळवतो.

इथे एक पथ्य आहे, आणि माझ्या मते सगळी करामत त्यातच आहे. ज्या तपासणीकडून जे ऐकलं, ते तिलाच परत ऐकवायचं नाही; फक्त बाकीच्यांचं सांगायचं. नाहीतर आपणच सोडलेली वावडी फिरून आली की आपल्यालाच ती खरी वाटू लागते! (हे पथ्य चावडीवर कोणी पाळल्याचं ऐकिवात नाही.) अशा फेऱ्या होत राहतात. सगळ्या तपासण्या जुळल्या की थांबायचं.

त्या काळच्या संगणकांना हे झेपणारं नव्हतं. प्रबंध जवळपास विस्मरणात गेला. १९९३ साली क्लोद बेरू आणि सहकाऱ्यांनी टर्बो कोड आणले. गोंगाटातून किती वेगाने बिनचूक बोलता येईल, याची क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली आखलेली मर्यादा आता हाताच्या अंतरावर आली. टर्बोमध्येही शंकांचीच देवाणघेवाण होती. मग केंब्रिजचे डेव्हिड मॅकाय आणि टोरांटोचे रॅडफर्ड नील यांनी गॅलगरची जुनी कल्पना पुन्हा उजेडात आणली.

आज ५जीवर तुम्हाला येणारा प्रत्येक फोटो याच जातीच्या कोडमधून येतो. फक्त २० बिटांच्या जागी आता हजारो बिट एकमेकांशी बोलत असतात.