ट्रॅक्शन कंट्रोल आणि पॉवर स्टिअरिंग : मदत किती, भरवसा किती?



पावसाळ्यात ताम्हिणी, आंबोलीसारख्या घाटांत फिरायला जाण्याचे बेत ठरतात. ओला रस्ता, वळणं आणि मागच्या सीटवर आपली मुलं! अशा वेळी गाडीतल्या या दोन सोयी नेमकं काय करतात, ते समजून घेऊया.

ट्रॅक्शन कंट्रोल

चाक रस्ता धरून ठेवतं ते घर्षणामुळे. चिखल किंवा सांडलेलं ऑइल असलं की घर्षण कमी होतं आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर चाक जागच्या जागी गरगर फिरतं. प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा सेन्सर असतो. एखादं चाक असं घसरून फिरू लागलं की यंत्रणा त्याला ब्रेक लावते किंवा इंजिनाची ताकद कमी करते.

डॅशबोर्डवरचा, गाडीमागे नागमोडी रेषा असलेला पिवळा दिवा लुकलुकला, तर समजा रस्ता निसरडा आहे. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय अलगद उचला. दिवा सतत पेटून राहिला, तर यंत्रणा बंद आहे किंवा बिघडली आहे.

गाडी चिखलात रुतली, तर मात्र याच यंत्रणेमुळे चाकाला ताकद मिळत नाही. तेवढ्यापुरतं बटण दाबून ती बंद करा. गाडी बाहेर निघाली की लगेच चालू करा.

लक्षात ठेवा, ही यंत्रणा नवीन घर्षण तयार करत नाही. ब्रेक लावल्यावर गाडी लवकर थांबावी, यासाठीही ती नाही. टायरची नक्षी १.६ मिलीमीटरपेक्षा कमी उरली असेल, तर आधी टायर बदला.

पॉवर स्टिअरिंग

इंजिनावर चालणारा पंप किंवा विजेची मोटर चाकं वळवायला मदत करते, म्हणून स्टिअरिंग हलकं लागतं. पेट्रोल वाचवायला काही जण उतारावर इंजिन बंद करतात. हे फार धोक्याचं आहे! स्टिअरिंग एकदम जड होतं, दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही कडक होतो. किल्ली काढली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं. शिवाय इंजेक्शनच्या इंजिनात, गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की उतारावर इंधन जवळजवळ बंदच होतं. मग इंजिन बंद करून वाचवायचं काय? उलट खालच्या गिअरमुळे वेग आवरला जातो.

चालत्या गाडीत स्टिअरिंग अचानक जड झालं तर घाबरू नका. चाकं अजूनही वळतात, फक्त जोर जास्त लागतो. दोन्ही हातांनी घट्ट धरा, वेग कमी करा, सुरक्षित जागी थांबा. गाडी उभी असताना स्टिअरिंग पूर्ण वळवून ताणून धरायची सवयही टाळा, पंपावर ताण येतो.

मुलांना हे समजावायला सोपा प्रयोग आहे. स्टीलच्या ताटाला अर्ध्या भागात तेल लावा आणि खोडरबर दोन्ही भागांवर सरकवून पाहायला सांगा. घर्षण कुठे कमी आहे, ते मुलंच सांगतील. मग घाटात कुणी वेग वाढवला, तर "जरा हळू चालवा" असंही तीच म्हणतील.