डोळ्यांच्या दवाखान्यातून चेहऱ्यापर्यंत

‘बोटॉक्स म्हणजे विषच ना? मग ते कपाळात टोचून कसं घेतात? आणि आमच्या यवतमाळच्या उन्हानं रापलेल्या चेहऱ्याला त्याचा काही उपयोग होतो का?’ लग्नसराई जवळ आली की असे प्रश्न हमखास येतात. पहिल्याचं उत्तर ‘हो, विषच’ असं आहे. तिसऱ्याचं ‘जवळजवळ नाही’. मधलं ‘कसं’ मात्र इतकं सुरस आहे की आधी तेच घेऊ.

मेंदूचा हुकूम मज्जातंतूतून येतो आणि स्नायूच्या काठाशी थांबतो. तिथून पुढे तो अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनाच्या रूपानं जातो. तंतूच्या टोकाशी हे रसायन सूक्ष्म पिशव्यांत भरलेलं असतं. हुकूम आला की पिशव्या कडेला चिकटतात, उघडतात, रसायन बाहेर पडतं आणि स्नायू आकसतो. बोटॉक्स म्हणजे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचं विष, आणि ते पिशवीला कडेशी जोडणारं एक प्रथिन कापून टाकतं. पिशवी भरलेलीच राहते, स्नायू सैल राहतो.

या रसायनाशी यवतमाळ जिल्ह्याची गाठ फार क्रूर रीतीनं पडलेली आहे. २०१७ साली कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन इथल्या शेकडो शेतकरी-शेतमजुरांना दवाखान्यात दाखल करावं लागलं आणि सुमारे २० जणांचा जीव गेला. त्या फवारणीत वापरलेली मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं नेमका याच जागी घाला घालतात, पण उलट्या बाजूनं. काम झालं की अ‍ॅसिटिलकोलीनचा निचरा करणारं एक एन्झाइम तिथे असतं, ही औषधं त्यालाच बंद पाडतात. मग रसायन साचत जातं, स्नायू फडफडत राहतात, लाळ आणि घाम थांबत नाही, बाहुल्या बारीक होतात आणि शेवटी श्वास अडतो. बोट्युलिनमच्या विषबाधेतही माणूस श्वास अडूनच जातो. तिथे हुकूम पोहोचतच नाही, इथे तो संपतच नाही. शरीरशास्त्राच्या पुस्तकात ही दोन विषं एकाच आकृतीत शेजारी शेजारी दाखवलेली असतात. यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना त्यातली एक बाजू पाठ करावी लागत नसेल, ती त्यांच्या रुग्णालयाच्या वॉर्डांनी पाहिली आहे.

मग विषाचं औषध झालं ते मात्रेमुळे. १०० युनिटच्या कुपीत हे विष अवघे काही नॅनोग्रॅम असतं. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. भुवयांमधल्या आठ्यांना साधारण २० युनिट पुरतात. तीन-चार दिवसांत परिणाम दिसू लागतो, दोन आठवड्यांत पुरता येतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो, कारण मज्जातंतूचं कामकाज हळूहळू पूर्ववत होतं. ‘एकदा घेतलं की कायमचं’ असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही, आणि ‘सोडलं की चेहरा आधीपेक्षा बिघडतो’ हेही खरं नाही.

या विषाचा औषध म्हणून उपयोग होईल हे प्रथम सुचलं ते जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गच्या युस्टिनुस केर्नर या डॉक्टरला. १८२० च्या सुमारास तो खराब सॉसेज खाऊन मेलेल्या रुग्णांच्या नोंदी ठेवत होता. केर्नर कवीही होता. त्यानं ते विष थोडं स्वतःवर अजमावलं आणि अती उत्तेजित झालेल्या मज्जातंतूंना हे शांत करू शकेल असं लिहून ठेवलं. जिवाणू सापडला १८९५ मध्ये, बेल्जियममधल्या एल्झेल गावी. एका अंत्यविधीला वाजवायला आलेल्या वादकांनी हॅम खाल्लं, तिघं दगावले आणि एमिल फान एर्मेंगेम यांनी त्या हॅममधून गुन्हेगार वेगळा काढला.

पण ज्याचं नाव ब्यूटी क्लिनिकच्या प्रत्येक भिंतीवर असायला हवं आणि कुठेच नसतं, तो माणूस म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट. त्यांना सुरकुत्यांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना तिरळेपणा बरा करायचा होता, आणि तोही मुलांच्या डोळ्यांवर सुरी न चालवता. डोळा ओढून धरणारा स्नायू थोडा दुबळा करता आला तर डोळा सरळ होईल, एवढी साधी कल्पना. त्यासाठी त्यांनी बरीच रसायनं तपासली आणि अखेर एडवर्ड शान्ट्झ या जीवरसायनतज्ज्ञाकडून शुद्ध बोट्युलिनम मिळवलं. शान्ट्झ त्याआधी अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत होते आणि तिथे या विषाकडे शस्त्र म्हणून पाहिलं जात होतं. शस्त्र म्हणून जपलेली वस्तू एका लहान मुलाचा डोळा सरळ करायला मागून आणणं, हे मला विसाव्या शतकातल्या वैद्यकातलं फार सुंदर पाऊल वाटतं. १९७३ मध्ये स्कॉट यांनी माकडांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्याच दशकात माणसावर पहिलं इंजेक्शन दिलं आणि डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली. कशासाठी? तिरळेपणा आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याचा आजार यांसाठी. १९९१ मध्ये ते अ‍ॅलर्गन कंपनीकडे गेलं आणि बोटॉक्स या नावानं जग जिंकायला निघालं. सौंदर्याचा शोध लागला तोही नेत्रतज्ज्ञाच्याच खोलीत. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या जीन कॅरुथर्स यांच्या एका रुग्ण बाईंनी पापण्यांचं इंजेक्शन घेताना भुवयांमध्येही द्या असा आग्रह धरला, कारण तिथे दिलं की चेहऱ्यावरचा त्रासिकपणा जातो! जीन यांचे पती अ‍ॅलेस्टर त्वचातज्ज्ञ. दोघांनी मिळून १९९२ मध्ये शोधनिबंध लिहिला.

दुसरं प्रसिद्ध इंजेक्शन फिलरचं. त्याचंही माहेर डोळाच. त्यातलं हायल्युरॉनिक आम्ल कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये गायीच्या डोळ्यातल्या काचद्रवातून वेगळं केलं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत आतल्या नाजूक थरांना इजा होऊ नये म्हणून ते वापरलं जातं, आणि गालात किंवा ओठात भरलं की खोलगट जागा वर येते. बोटॉक्स स्नायू सैल करतो, फिलर पोकळी भरतो, ही कामं वेगळी आहेत. धोकाही डोळ्याचाच आहे. फिलर चुकून रक्तवाहिनीत शिरला आणि डोळ्याच्या धमनीपर्यंत गेला तर दृष्टी जाऊ शकते. हे क्वचित घडतं, पण घडतं. म्हणून सुई टोचणारी व्यक्ती नोंदणीकृत डॉक्टर आहे का आणि फिलर विरघळवणारं हायल्युरॉनिडेज तिच्या हाताशी आहे का, हे दोन प्रश्न संकोच न करता विचारावेत. ब्यूटी पार्लरमध्ये सुई घेऊ नये, सवलत कितीही असो.

आता उन्हाकडे येऊ. यवतमाळ साधारण २०.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूर्य नेमका डोक्यावर येतो. त्वचेच्या आतल्या थरात कोलॅजेनचे तंतू बाजेच्या सुतळीसारखे विणलेले असतात. अतिनील किरण ही वीण तोडत राहतात आणि बाज मध्ये झोळ खाते. हा झोळ बोटॉक्सनं जात नाही, कारण इथे स्नायूचा दोषच नाही. २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या अमेरिकन ट्रकचालकाचं छायाचित्र छापून आलं होतं. २८ वर्षं तो मालट्रक चालवत होता. खिडकीकडची डावी बाजू इतकी सुरकुतलेली की दोन वेगळ्या माणसांचे अर्धे चेहरे जोडल्यासारखे वाटावेत. अतिनीलमधला ‘ए’ भाग काचेतूनही आत येतो. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. यवतमाळ-नागपूर रस्त्यावरच्या जुन्या एसटी चालकांचे उजवे गाल कुणी अभ्यासले तर मला तो अहवाल वाचायला फार आवडेल.

ऊन अडवल्यानं फरक पडतो याचा ठोस पुरावा आहे तो ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बर गावचा. ९०३ जणांमध्ये रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं वार्धक्य साडेचार वर्षांत इतरांपेक्षा २४ टक्के कमी दिसलं. पऱ्हाटीत वेचणीला जाणाऱ्या बाया डोक्यावरून तोंडापर्यंत घट्ट दुपट्टा बांधतात. दाट विणीचा सुती दुपट्टा ऊन चांगलं अडवतो, त्याला महिन्याचा खर्च नाही आणि घामानं तो पुसलाही जात नाही.

आपल्या सावळ्या त्वचेत मेलॅनिन भरपूर असल्यानं सुरकुत्या उशिरा येतात, आधी येतो तो वांग. आणि खरी फसवणूक होते ती इथे. औषधाच्या दुकानातून कुणीतरी सुचवलेली ट्यूब आणली जाते. तिच्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड असं त्रिकूट असतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे वापरायचं हे औषध बाया वर्षानुवर्षं फेअरनेस क्रीम म्हणून लावतात. त्वचा पातळ होते, लाल पडते, गालावर लव वाढते आणि ट्यूब बंद केली की आग होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती सहज मिळतात. याहून भयंकर प्रकार अकोल्यात घडला. काही वर्षांपूर्वी तिथल्या एका विद्यार्थिनीनं, तिच्या आईनं आणि बहिणीनं पार्लरमधून आणलेलं गोरेपणाचं क्रीम लावलं आणि तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर कारण सापडलं, पारा. तो रंगद्रव्य तयार होऊ देत नाही म्हणून चेहरा उजळतो, आणि त्वचेतून आत शिरून मूत्रपिंडात साठतो. ज्या क्रीमवर निर्मात्याचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नाही ते लावू नये, मग आठ दिवसांत कितीही उजळ दिसो.

‘कोलॅजेन क्रीम’ आणि ‘बोटॉक्ससारखं क्रीम’ यांबद्दल एवढंच की हे रेणू त्वचेच्या वरच्या थरातून आत जायला फार मोठे आहेत. ट्रेटिनॉइनचा रेणू मात्र लहान आहे, तो आत जातो आणि नवं कोलॅजेन खरोखर बनवायला लावतो. फिलाडेल्फियाचे अल्बर्ट क्लिगमन यांनी १९८६ मध्ये हे दाखवलं. याच क्लिगमन यांनी होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले होते, हेही या औषधाच्या इतिहासात लिहिलं गेलंच पाहिजे. औषध स्वस्त आहे, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीचं आहे. ते रात्री, मटारच्या दाण्याएवढं लावायचं. पहिले काही आठवडे त्वचा सोलते, फरक दिसायला तीन-चार महिने लागतात, दिवसा ऊन टाळावं लागतं आणि गरोदरपणात ते अजिबात वापरायचं नाही.