घोडा दुसऱ्याचा, पैसे कोणी द्यायचे?

माथेरानला दस्तुरी नाक्यावर मोटारी थांबतात; पुढं घोडा केला तर पैसे आपण मोजतो. रास्तच आहे. चारा-खरारा घोडेवाल्याचा, लगाम धरून चालतोही तोच. उलट महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जॉकी दुसऱ्याचाच घोडा पळवतो आणि पैसे त्याला मिळतात, जिंकला तर बक्षिसातही वाटा.

माझी भाची फी भरून घोडेस्वारी शिकली. आता एक मालक म्हणतात, "रोज आमचा घोडा फिरवून आण, तुला फुकट." वन्सं खूश! पण फुकट कुणाला हो? ‘घोडा का अडला?’ या कोड्याचं उत्तर आपल्याला लहानपणापासून पाठ आहे: न फिरवल्यामुळे. म्हणजे काम मालकाचंच. उद्या पडली तर दवाखान्याचं बिल कुणाचं? भाचीला म्हटलं, आधी हे विचार, मग रिकिबीत पाय घाल.