टोमॅटोला थंड रात्र हवी

चेन्नईत मे महिन्याच्या सुरुवातीला ‘अग्नी नक्षत्रम्’ लागतं. सूर्य कृत्तिकेच्या आसपास असतानाचे हे साधारण 25 दिवस. ते सरल्यानंतरही, 31 मे 2003 रोजी, इथे पारा 45 अंशांवर गेला होता. मे महिन्यात शहरालगतच्या तिरुवळ्ळूर, चेंगलपट्टू भागातल्या छोट्या मळ्यांत टोमॅटोची झाडं हिरवीगार दिसतात, पण फळ धरत नाहीत.

आपण दोष दुपारच्या उन्हाला देतो. खरा घात बऱ्याचदा रात्र करते. टोमॅटोला रात्री साधारण 15 ते 20 अंश मानवतात. चेन्नईत मे महिन्यात पहाटेही 28 अंशांच्या आसपास उकाडा असतो. अशा उष्णतेत परागकण निर्जीव होतात. त्यात समुद्राकडून आलेली दमट हवा! ओलसर परागकण चिकटून बसतात, नीट झडत नाहीत. फलन न झालेलं फूल देठापासून गळतं. धरलेली फळंही 30 अंशांच्या वर लालबुंद होत नाहीत, कारण लाल रंगद्रव्य तयार होणं मंदावतं; ती पिवळट-नारिंगी राहतात. मिरचीचीही अशीच फूलगळ होते.

भेंडी, चवळी, माठ मात्र तग धरतात. फक्त भेंडी भराभर जून होते, म्हणून एक दिवसाआड, पहाटेच तोडावी. काकडीवर्गीय वेलींना उन्हाळ्यात नरफुलं जास्त येतात, त्यामुळे फळं कमी धरतात.

छोट्या शेतकऱ्यानं वाफ्यावर पेंढ्याचं आच्छादन घालावं, संध्याकाळी पाणी द्यावं. शेडनेटनं ऊन अडतं, उकाड्याची रात्र अडत नाही. म्हणूनच मे महिन्यात चेन्नईच्या कोयंबेडू बाजारातला टोमॅटो बहुतांशी मदनपल्ले, कोलारसारख्या उंचावरच्या, तुलनेनं थंड रात्रींच्या भागांतून येतो.