डलहौसीचा किताब आणि रॅम्झी घराणे

एडिंबरो शहराच्या दक्षिणेस साउथ एस्क नदीच्या काठी असलेला डलहौसीचा किल्ला मध्ययुगापासून रॅम्झी या स्कॉटिश घराण्याकडे होता. घराण्यातील सर अलेक्झांडर रॅम्झी याने १३४२ मध्ये रॉक्सबर्गचा किल्ला इंग्रजांकडून जिंकला. पण त्याच वर्षी सर विल्यम डग्लस या स्कॉटिश सरदारानेच वैरापोटी त्याला हर्मिटेजच्या किल्ल्यात कोंडून उपाशी मारले. पुढे १६३३ मध्ये विल्यम रॅम्झी याला ‘अर्ल’ हा किताब मिळाला. ब्रिटनच्या वंशपरंपरागत सरदारकीत ड्यूक व मार्क्वेस यांच्याखालची ही तिसरी पायरी होय.

नवव्या अर्लने कॅनडातील हॅलिफॅक्स येथे १८१८ मध्ये डलहौसी महाविद्यालयाची स्थापना केली आणि पुढे हिंदुस्थानातील फौजेचे सरसेनापतिपदही सांभाळले. मात्र मराठी माणसाच्या मनावर कायमचा ओरखडा उठला तो त्याचा मुलगा, दहावा अर्ल जेम्स याच्यामुळे. जानेवारी १८४८ मध्ये वयाच्या पस्तिसाव्या वर्षी तो गव्हर्नर जनरल झाला आणि त्याच वर्षी साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांनी मृत्युसमयी घेतलेला दत्तक नामंजूर करून त्याने शिवछत्रपतींच्या वंशाचे राज्य खालसा केले; १८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचीही तीच गत झाली. धर्मशास्त्राने औरसाच्या बरोबरीने मानलेल्या पुत्राला राज्याचा हक्क नाकारणारा हा न्याय उघड अन्यायच होता. तत्कालीन स्कॉटिश कायद्यात दत्तकविधानाला स्थान नव्हते, हे खरे. पण परक्या मुलखातील शेकडो वर्षांची रूढी मोडण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही, आणि या निर्णयांमागे राज्यविस्ताराची व महसुलाची ओढही होतीच.

पंजाब जिंकल्यानंतर १८४९ मध्ये जेम्सला मार्क्वेस ही वरची पदवी मिळाली होती; ती केवळ त्याच्या औरस पुरुषवंशापुरती मर्यादित होती. त्याला दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. त्यामुळे १८६० मध्ये त्याच्या मृत्यूबरोबर ती पदवी संपुष्टात आली. जुने अर्लपद मात्र दूरच्या पुरुष वारसांकडेही जाऊ शकत असल्याने ते त्याचा चुलतभाऊ फॉक्स मॉल याच्याकडे गेले. क्रिमियन युद्धाच्या काळात ब्रिटनचा युद्धमंत्री राहिलेला फॉक्स मॉल १८७४ मध्ये निपुत्रिक वारला, तेव्हा हे अर्लपद जॉर्ज रॅम्झी या नौदलातील चुलतभावाकडे आले. तो या परंपरेतील बारावा अर्ल ठरला.