“किती भरलास!”

मागच्या गणपतीत आमच्या इंदूरच्या घरी आरतीला आलेल्या शेजारच्या काकू मला बघून खूश झाल्या. “किती भरलास! बायकोच्या हातचं मानवलं हो तुला.” सगळे हसले. मीही हसलो. पण तो गोल चेहरा स्टेरॉइडच्या गोळ्यांनी दिलेला होता.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. यात मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते, व्रण होतात. जुलाब, रक्त आणि थकवा येतो. आजार कधी उसळतो, कधी शांत असतो. पहिल्यांदा उसळला तेव्हा चार महिन्यांत माझं 11 किलो वजन उतरलं. “तूप खा”, “जिम लाव” असे सल्ले रोज मिळायचे. मग प्रेडनिसोलोन सुरू झालं. रक्त थांबलं, पण भूक वाढली, गालांवर चरबी चढली आणि तिशीत मुरमं आली.

ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी कॅमेरा बंद ठेवू लागलो. लग्नसमारंभात फोटोच्या वेळी पाणी आणायला निघून जायचो. शर्ट बदलतानाही आरशाकडे पाठ करायचो. एका रात्री ठरवलं, उद्यापासून गोळ्या बंद. चेहरा तरी परत येईल!

सकाळी बायकोने भरलेली पट्टी पाहिली आणि थेट डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी समजावलं: बाहेरून बरेच दिवस स्टेरॉइड मिळालं की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं कमी करतात. गोळ्या एकदम थांबवल्या तर जिवावर बेतू शकतं. म्हणून मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवायची. चेहऱ्याचा गोलवाही तसाच हळूहळू उतरतो. एका आरशापायी मी केवढा धोका पत्करत होतो, हे तेव्हा कळलं.

यंदा काकू म्हणाल्या, “अरे, वाळलास की!” या वेळी मी हसून वेळ मारून नेली नाही. आजाराचं नाव सांगितलं आणि म्हटलं, “काकू, मागच्या वर्षी भरलेला दिसत होतो तेव्हा जास्त आजारी होतो.”

त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “बरं, तुला काय चालतं ते सांग. तेवढंच करीन.”

दुसऱ्या दिवशी डब्यात मऊ भात आला. सोबत माझ्या तब्येतीवर एक शब्दही नव्हता. त्या संध्याकाळी आरतीच्या फोटोत मी पुढच्या रांगेत उभा राहिलो.